कुसुम, तुझ्या नावाची पाटी

प्रिय कुसुम,

उद्या रोह्यात तुझ्या नावाची पाटी लागणार आहे. चांगली संगमरवरी, काळ्या अक्षरांची. 'कै. कुसुम म्हात्रे संगणक कक्ष'. तुझ्या अध्यापक विद्यालयातली ती कोपऱ्यातली खोली आठवते ना, जिथे मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे पडदे टाकलेले असायचे? तीच. आता तिला रंग दिलाय, खिडक्यांना नव्या काचा बसवल्यात, आणि दाराला हे एवढं कुलूप.

तू असतीस तर कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, "निमे, या खोलीत मी कंदी शिकवलं गो?"

कधीच नाही. म्हणून तर लिहायला बसले. उद्याच्या कार्यक्रमात तुझ्याबद्दल मी बोलायचंय. प्राचार्यांचा निरोप आला, "मॅडम, थोडक्यात बोला, आणि जरा प्रेरणादायी असू द्या." आज वाचनालयाला सुट्टी. इथे पेणला माझ्या टेबलाशी एकटी बसून दुपारपासून भाषण लिहितेय आणि फाडतेय. 'कुसुमताई आपल्या विद्यार्थ्यांच्या रूपाने आजही जिवंत आहेत' असं एक वाक्य लिहिलं आणि माझाच मला संताप आला. नाहीस तू जिवंत! वर्ष होऊन गेलं, कुठेही नाहीस. मग म्हटलं, लोकांना सांगता येत नाही ते तुलाच सांगून टाकावं.

आपली ओळख भांडणातून झाली. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, वाचनालयाची ग्रंथपाल, शिवाय होतकरू ग्रंथपालांचा वर्ग घेणारी, त्यामुळे नाकावर माशी बसू न देणारी! तू रोह्याच्या अध्यापक विद्यालयात गणिताची बाई. खाडीकाठच्या खारपट्टीतल्या गावाहून रोज ये-जा करायचीस, शनिवारी परतताना पेणला उतरायचीस आणि पुस्तक बदलायला यायचीस. त्या दिवशी तुझं कार्ड काही केल्या सापडेना. सभासदांची कार्डं मी आडनावांप्रमाणे लावली होती, पुस्तकात सांगितलंय तशी. म्हात्र्यांचा खण उपसता उपसता तुझी एसटी निघून गेली.

"आख्खा तालुका म्हात्रे, पाटील नि ठाकूर," तू कडाडलीस. "आडनावानं हुडकलंस तं माणूस सापडंल काय?"

"नियम आहे तो," मी म्हटलं.

"नियम पुन्याचा हाय. माणसं हितली हायेत!"

पुढची गाडी येईपर्यंत तू खुर्ची ओढून बसलीस. आधी गाव, मग बापाचं नाव, मग स्वतःचं, अशी कार्डं आपण दोघींनी लावायला घेतली. मी वरून घुश्शात होते, आतून मात्र चकित. 'ज्याला शोधायचंय त्याची खूण कोणती, हे आधी ठरव,' असं तू म्हणत होतीस. पुढे कळलं की संगणकाचं अर्धं शास्त्र यावरच उभं आहे. तेव्हा तुलाही ते ठाऊक नव्हतं.

मग तू मुंबईला कसल्याशा प्रशिक्षणाला गेलीस आणि संगणक बघून आलीस. नव्वदीची सुरुवात होती, आपल्याकडे तो फक्त कंपनीच्या हापिसात असायचा, तोही काचेपलीकडे. मला वाटलं, आता ही आठवडाभर त्याचं कौतुक करणार. तू आलीस ती तोंड वाकडं करून. "यड्या डोक्याचं यंत्र हाय गो ते. सांगशील तेवढंच करतं. पन त्याला सांगायला ज्याला जमलं ना, त्याला कुनालापन शिकवता येईल."

तिथून तुझ्या डोक्यात किडा शिरला. माझ्या वर्गातली उद्याची ग्रंथपाल मुलं आणि तुझ्या विद्यालयातले उद्याचे मास्तर एकत्र बसवायचे, रविवारी, रोह्याला. एखादं काम पायरीपायरीने फोडायचं कसं, गोळा झालेल्या माहितीतून हवी ती नेमकी काढायची कशी, चूक कुठल्या पायरीवर झाली हे शोधायचं कसं, ते शिकवायचं. मी म्हटलं, बाई गं, संगणकाचा वर्ग आणि संगणक कुठाय? तू म्हणालीस, "तो येल तवा येल. डोकी तं आत्ता हायेत ना?"

मुलांनीच त्याला पायऱ्यांचा वर्ग असं नाव पाडलं.

पहिल्या दिवशी तू परात, तांदळाचं पीठ आणि पाण्याचा तांब्या घेऊन वर्गात आलीस. प्राचार्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि ते निघून गेले. तू जाहीर केलंस, "आज मी यंत्र. मला अक्कल नाय. भाकरी कशी करायची ते सांगा." सगळ्या मुली खूश. भाकरी कोणाला येत नाही? "पीठ घ्या," एकीने सांगितलं. घेतलंस. "मळा." तू कोरडंच पीठ मळायला लागलीस, सगळीकडे उडालं, तुझे केस पांढरे झाले. कोणी ओरडलं, "पाणी, पाणी!" तू पिठात थंड पाणी ओतलंस. उकड काढायची, आधणाचं पाणी घ्यायचं, हे कोणाच्याही तोंडून आलं नाही. रोज पहाटे हात ते करतात, तोंडाला ते कधी सांगावं लागत नाही. भाकरी थापायला घेतलीस तर ती फाटून परातीत पडली. वर्ग हसून हसून लोळत होता.

मग तू हात झटकलेस आणि गंभीर झालीस. "तुम्हाला जे येतं, तेच तुम्ही सांगायला इसरता. मास्तर झाल्यावरपन हेच करनार. आनि मंग पोराला मठ्ठ म्हननार."

मला शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाई आठवल्या, आणि त्यांच्या टेबलापुढे रडत उभी असलेली मी.

दुसरी गंमत पाण्याची. एका मुलाने फळ्यावर सूचना लिहिल्या, 'ग्लासात पाणी ओतत राहा.' बस्स. कधी थांबायचं ते लिहिलंच नाही. तू ओतत राहिलीस! ग्लास भरला, टेबल भरलं, पाणी माझ्या साडीवर, हजेरीपटावर. मी किंचाळतेय, "अगं बाई, पुरे!" आणि तू मख्ख चेहऱ्याने, "पुरे असं कुठं लिवलंय?" तांब्या संपला तेव्हा कुठे थांबलीस. थांबायचं कधी ते आधी ठरवा, नाहीतर यंत्र मरेपर्यंत तेच करत राहील, हे त्या वर्गात कोणी आयुष्यात विसरणार नाही असं मला वाटलं होतं.

मला बरंच काही वाटलं होतं, कुसुम!

एकदा तू सगळ्यांना तुझ्या गावच्या खारबांधावर नेलंस. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध, आणि त्यातलं लाकडी झडपेचं दार, ज्याला तुम्ही उघाडी म्हणता. ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्या झडपेला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. आत माणूस नाही, राखण नाही. मुलं चिखलात उभी राहून बघत होती. "बाहेरचं पानी चढलं, तर बंद. उतरलं, तर उघड," तू सांगत होतीस. "जर आनि तर. आमच्या आज्यानं बसवलंय, त्याला काय कंप्युटर म्हाईत होता?" तिथेच तुझी आय भेटली, मिठागरावरून परतताना, डोक्यावर घमेलं. सगळ्यांना घरी नेऊन तिने चहा पाजला आणि दारात उभी राहून कौतुकाने बघत राहिली. तिच्या लेकीपुढे एवढी शिकलेली पोरं वही उघडून बसलेली!

त्या दिवशी परत येताना मला वाटलं होतं की आपण काहीतरी सुरू केलंय, आणि ते आता थांबणार नाही.

आता तुझ्यावरचा राग काढते. काढू दे.

त्या आषाढात रोह्याहून परत येताना, नागोठण्याच्या स्टँडवर गाडी उभी असताना तू सहज म्हणालीस, "काखेत गाठ आलीय गो. दुखत नाय." मी तिथल्या तिथे म्हटलं, उद्याच्या उद्या दाखवायचं. तू म्हणालीस, "गनपती होऊन जाऊ देत." पेणमध्ये हे वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न, घराची डागडुजी, दुखणं, सगळं गणपती होऊन जाईपर्यंत थांबतं. तुझ्या भावाचा मूर्तींचा कारखाना, घरातलं प्रत्येक माणूस त्यात जुंपलेलं, तू सुद्धा शाळा सुटल्यावर मूर्तींचे कानेकोपरे घासायला बसायचीस. बरं, गणपती झाले. मग मुलांचे सराव पाठ आले. "पाठ होऊन जाऊ देत." मग दिवाळी. मग भावाच्या मुलीचं लग्न. मग म्हणालीस, शिमगा होऊन जाऊ दे!

मी भांडले, रडले, अबोला धरला. तू खिक्कन हसून विषय बदललास. दुसऱ्यांना शिकवत होतीस ना, थांबायचं कधी ते आधी ठरवा म्हणून? मग तुझ्या त्या 'होऊन जाऊ दे'ला शेवट का नाही घातलास? गावातल्या कुठल्या अडाणी बाईने असं केलं असतं तर तू तिला ओढत दवाखान्यात नेलं असतंस. स्वतःच्या वेळी मात्र तू शंभर नंबरी पेणकर निघालीस!

शिमगा झाला आणि डॉक्टरांनी सरळ मुंबईला जायला सांगितलं. तिथे तुला भेटायला आले तेव्हा मी मुद्दाम वर्गाचं काढलं. कोण काय चुकलं, कोणी काय विचारलं. तू ऐकत नव्हतीस. भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "निमे, मला भ्या वाटतंय गो." एवढ्या वर्षांत तुझ्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी तुझा हात धरला, पण काय बोलावं ते सुचेना. आजही सुचत नाही.

तू गेल्यावर वर्ग मी चालू ठेवला. निदान चालू ठेवायला गेले. पीठ नेलं, परात नेली, "मी आज यंत्र आहे" असं म्हटलं, आणि मुलं मान खाली घालून बसली. हसायचं की नाही, तेच त्यांना कळेना. तुझ्यासारखं मला जमत नाही गं! मी यंत्र झाले तर खरंच यंत्रासारखी दिसते. माझ्या मराठीत ती भाकरी पाककृती होते. एक मुलगी तर फार अदबीने म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

तोवर परीक्षेला 'संगणक परिचय' आला होता. माझ्या ग्रंथपाल वर्गालाही, तुझ्या विद्यालयालाही. कोण्या कंपनीने दोन-तीन संगणक देणगी दिले. उद्घाटन झालं, पेढे वाटले. आठवड्यातून एकदा बाहेरून एक सर यायला लागले. चांगला पोरगा होता, त्याचा दोष नाही, त्याला जे सांगितलं ते तो करायचा. फळ्यावर संगणकाचं चित्र काढायचं, भागांची नावं लिहून द्यायची, कुठली कळ दाबली की काय होतं ते लिहून द्यायचं. मुलांनी ते पाठ करायचं. मी एकदा मागे जाऊन बसले. मुलं कळांच्या जोड्या पाढ्यांसारख्या म्हणत होती. तासभर! ज्याबद्दल ती बोलत होती तो संगणक पलीकडच्या खोलीत प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेला.

पुढे धूळ बसते म्हणून खोली बंद ठेवायला लागले. एकदा उंदराने वायर कुरतडली, तेव्हापासून कायमचं कुलूप. किल्ली प्राचार्यांच्या खणात.

मग आपल्या वर्गाची पाळी आली. प्राचार्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. "मॅडम, आता आपल्याकडे संगणक आहेत. अशा वेळी संगणकाविना संगणकाचा वर्ग म्हणजे लोक हसतील."

"लोक हसायचेच, सर," मी म्हटलं. "हसता हसता शिकायचे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी चहा अर्धा टाकून उठले. पुढच्या रविवारी तरीही गेले, हट्टाने. दार बंद, शिपाई म्हणाला, उघडायला सांगितलेलं नाय मॅडम. व्हरांड्यात उभी राहिले. कोणी आलं नाही. माझी पेणची मुलंही नाहीत, त्यांनी मला आधीच विचारून घेतलं होतं, "मॅडम, त्यापेक्षा नोट्स द्याल का?" कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत गेले, परत फिरले आणि मिळेल ती गाडी धरून घरी आले. एवढ्यावर तो संपला, आपला पायऱ्यांचा वर्ग.

मनात म्हटलं, वर्ग गेला तर गेला, माणसं आहेत. सविता आहे. आठवते ना, भाकरीला पहिल्यांदा "आधण" म्हणून ओरडलेली? पुढच्या खेपेला का होईना, तिलाच ते आठवलं होतं! तू म्हणायचीस, ही माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण होणार. कोलाडच्या बाजूला एका शाळेत लागलीय. मला कोणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे बघून म्हणता येईल की हे बघ, हे राहिलंय. म्हणून न कळवता गेले.

ती वर्गात होती. दारातून आवाज ऐकू आला. "लिहा. प्रश्न दुसरा. उत्तर, दोन बिंदू..." सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता. एका मुलाने काहीतरी विचारलं. सविता म्हणाली, "ते नंतर. आधी लिहून घे. एवढं सोपं कळत नाही?"

मला बघून धावत आली, पाया पडली, डोळ्यांत पाणी आणलं. तुझ्याबद्दल भरभरून बोलली. मी विचारलं, कधी पीठबिठ आणतेस का वर्गात? ती ओशाळी हसली. "मॅडम, पोर्शन पुरा होत नाय. सायेब तपासायला येतात, ते वह्या बगतात. बाईंचं सगळं आठवतं हो, पन वेळ कुठं हाय?" खोटं बोलत नव्हती बिचारी. घरी दोन लहान मुलं, शाळेत चार वर्ग एकटीच्या गळ्यात. तिला काय बोलणार? तिने आग्रहाने जेवायला थांबवलं. जेवले, आणि परत आले.

तेव्हापासून माझ्या मनात एकच येतं. आपण काहीच केलं नाही, कुसुम. थोडे रविवार मुलांना हसवलं. पाण्यावर रेघ मारली. तू तुझे सुट्टीचे दिवस दिलेस, हाडं झिजवलीस, आणि गेलीस. मी मागे उरले ते हे सगळं बघायला! तू जिवंत असतीस तर हे असं झालं असतं का? कदाचित तेव्हाही झालं असतं. निदान आपण दोघी मिळून शिव्या तरी दिल्या असत्या.

आणि आता ही पाटी. गेल्या महिन्यात प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा मी ठरवलंच होतं की होऊ द्यायचं नाही. ज्या खोलीने तुझा वर्ग खाल्ला, त्याच खोलीला तुझं नाव? आणि तेही कुलपावर? सभेत उभं राहून सांगणार होते की कुसुम म्हात्रे या खोलीत एक दिवसही शिकवल्या नाहीत, त्यांचा वर्ग तुम्ही बंद केलात, आधी तो उघडा, मग नाव द्या. वाक्यं तयार होती. फक्त एक काम राहिलं होतं. पडदा ओढायला त्यांनी तुझ्या आयला बोलावलंय. तिने नाही म्हटलं की पाटी आपोआप बारगळते. म्हणून परवा तिला समजवायला गेले.

आय ओट्यावर बसली होती. मला बघून एवढी हरखली! आत नेऊन पिशवीतून नवं लुगडं काढून दाखवलं, तुझ्या भावाने उद्यासाठी आणलेलं. मग मला समोर बसवून विचारायला लागली. "दोरी कंच्या अंगानं वढायची गो? आदी नमस्कार की आदी दोरी? आनि वढल्याव हात सोडायचा की धरून ऱ्हायाचा?" मी एकेक सांगत होते, ती एकेक बोट दुमडत घोकत होती. मधेच थांबून म्हणायची, "त्याच्या आदी काय?"

कुसुम, तू कुठून शिकलीस ते मला तेव्हा कळलं.

तरी धीर केला. म्हटलं, "आय, त्या खोलीचं जरा बोलायचं होतं." तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत म्हणाली, "फोटूला हार घातला ना, का माजं पोट तुटतं. आमच्या घरात कुनाचं नाव कंदी कागदाव नीट लागलं नाय. माज्या पोरीचं दगडाव येतंय. लोकं वाचतील. मी मेल्यावपन वाचतील."

मग माझ्याकडे वळली. "तिचा वरग तू चालवतंस ना गो? पोरं येतात ना अजून?"

तुला काय सांगू, तिने किती सरळ विचारलं! डोळ्यांत काही संशय नाही, काही नाही. मी म्हटलं, "येतात, आय."

"ह्या आइतवारी काय शिकवलंस?"

तोंडाला आलं ते सांगितलं. रेशनच्या रांगेचं शिकवलं, म्हटलं, आधी येईल त्याला आधी, हे यंत्राला कसं समजवायचं ते. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "आनि मागून पोटुशी बाय आली तं? तिला उभीच ठेवता?"

एवढ्या महिन्यांत वर्गाबद्दल मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. "ते पुढच्या वेळी शिकवणार आहे," असं म्हणून मी उठले. ती वेशीपर्यंत पोचवायला आली.

तर असं आहे. उद्या मी सभेत काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण ते नाही. 'कुसुमताई विद्यार्थ्यांच्या रूपाने जिवंत आहेत' हेच म्हणेन, मघाशी फाडलेलं. प्राचार्य मान डोलावतील. आय दोरी ओढेल, मी शेजारी उभी असेन, टाळ्यासुद्धा वाजवीन. त्या कुलपाकडे तिची पाठ राहील अशी तिला उभी करीन. तू मला भित्री म्हणशील. म्हण! तू असतीस तर स्टेजवर चढून कुलूप तोडलं असतंस, ठाऊक आहे मला. पण तू नाहीस, आणि तुझी आय आहे.

तुला एक वचन देते. वर्ग परत सुरू करीन असं वचन देत नाही, ते माझ्याच्याने होणार नाही आणि तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. पण आय आहे तोवर वर्ग मोडल्याचं तिला माझ्याकडून कळणार नाही. मी तिच्याकडे जात राहीन. जाताना वाटेत नवीन पाठ रचून ठेवीन, पोरांची नावं, त्यांच्या चुका, सगळं. तिला सांगता सांगता निदान त्या ओट्यावर तरी वर्ग भरेल, आणि तो खोटा आहे हे फक्त तुला आणि मला ठाऊक असेल. ती विचारेल, पोरं येतात ना गो?

मी म्हणेन, येतात, आय. खोली पुरत नाही.

तुझी,
निमी